मिशिगनचा चौदावा मतदारसंघ कुठे गेला?

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकेतल्या अशा एका मतदारसंघाबद्दल बोलायचंय जो आता नकाशावर नाहीये, मिशिगनचा चौदावा. तिकडे दर 10 वर्षांनी जनगणना झाली की हाऊसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, 435 जागा राज्यांमध्ये नव्याने वाटतात. गाड्यांच्या कारखान्यांमुळे डेट्रॉइट वाढलं, 1930च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या जागा 13च्या 17 झाल्या आणि 1933मध्ये हा चौदावा आला. इथून लुई राबो बरीच वर्षं निवडून आले. शाळेतली पोरं झेंड्यापुढे जी प्रतिज्ञा म्हणतात तिच्यात 1954 साली देवाचा उल्लेख आला ना, त्यासाठी हाऊसमध्ये ठराव आणणारे हेच.

मग जॉन कॉनियर्स. ते 1965पासून हाऊसमध्ये, पण पहिल्या मतदारसंघातून, 1993ला नकाशा बदलला तसे चौदाव्यातून, 2013ला परत बदलला तर तेराव्यातून, म्हणजे माणूस तोच, शहर तेच आणि नंबर तीन! मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीचं बिल त्यांनी 1968ला मांडलं आणि ते पास व्हायला 1983 उजाडलं. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्स त्यांच्या डेट्रॉइटच्या ऑफिसात 1988पर्यंत काम करत होत्या.

2011ला रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने जो चौदावा आखला तो मला अजिबात पटत नाही. ग्रोस पॉइंटची श्रीमंत वस्ती, डेट्रॉइटचे तुकडे, साउथफील्ड आणि वर थेट पॉन्टियॅक, सगळं वेडंवाकडं जोडलेलं, कारण डेमोक्रॅटांची मतं एकाच ठिकाणी कोंबायची होती, म्हणजे आजूबाजूच्या जागा रिपब्लिकनांना सोप्या. लोकांनी 2018ला मतदान करून नकाशाचं काम पुढाऱ्यांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिलं ते बरंच झालं. पण 2020च्या जनगणनेत मिशिगनची एक जागा गेली, 14च्या 13 झाल्या, शेवटच्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत आणि जानेवारी 2023मध्ये चौदावा संपला.

2022च्या निवडणुकीत डेट्रॉइटच्या नव्या तेराव्यातून आपले बेळगावचे श्री ठाणेदार निवडून आले. मराठी माणूस म्हणून मला त्याचा मनापासून आनंद झाला, पण त्याच निकालाने जवळपास 70 वर्षांत पहिल्यांदाच, बहुसंख्य काळ्या लोकांच्या या शहराचा एकही काळा खासदार हाऊसमध्ये उरला नाही, आणि तिथल्या लोकांना ते किती लागलं असेल हेही आपण समजून घ्यायला हवं.