टी-पेशीची वाट

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हिरवी चमकते आहे ती टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणारी एक पांढरी पेशी, उंदराच्या थायमस ग्रंथीतली. माणसात ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे असते. पेशींचं बीज अस्थिमज्जेतून रक्तावाटे इथे येतं.

आलेल्या पेशी आधी ग्रंथीच्या कडेकडे सरकतात आणि जनुकांचे तुकडे जोडून आपापला ग्राही, म्हणजे समोरचा रेणू ओळखणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, तयार करतात. मग कॉर्टेक्समध्ये, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या थरात, पहिली परीक्षा: प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणारे शरीराचे स्वतःचे एमएचसी रेणू ओळखता येतात का? नाही आले, तर तीन-चार दिवसांत मरण.

आता चाल बघा. मिनिटाला चार-पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरकटणारी पेशी उत्तीर्ण होताच दहाच्या पुढे जाते, तेही सरळ मेड्युलाकडे, म्हणजे ग्रंथीच्या आतल्या भागाकडे. सीसीआर-७ हा ग्राही आला, की तिला मेड्युलातल्या केमोकाइनचा, म्हणजे पेशींना ओढून घेणाऱ्या प्रथिनाचा, माग लागतो. तिथे दुसरी परीक्षा. इन्सुलिनसारखी शरीराचीच प्रथिनं समोर येतात. त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी मारल्या जातात. सीसीआर-७ नसलेल्या उंदरांत पेशी मेड्युलापर्यंत नीट पोचत नाहीत, ही गाळणी चुकते, आणि पुढे त्याच पेशी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींत घुसतात.

बाहेरचं दार उघडतो एस-१-पी हा स्निग्ध रेणू. रक्तात तो भरपूर, ऊतींत अगदी कमी. त्याचा ग्राही असलेली पेशी रक्ताकडे निघते. लसिकाग्रंथींतूनही पेशी अशाच बाहेर पडतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे स्वतःच्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करतात तो आजार. त्यावरचं फिंगोलिमॉड हे औषध, अमेरिकेत २०१० पासून मान्य, पेशीवरचा नेमका हाच ग्राही काढून घेतं. रक्तातल्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) मूळच्या २० ते ३० टक्क्यांवर येतात. त्या मेलेल्या नसतात, लसिकाग्रंथींत अडकलेल्या असतात. औषध थांबवलं की साधारण महिना-दोन महिन्यांत परततात.

त्वचेत मुक्काम करणाऱ्या स्मृतिपेशी हे दार स्वतःच लावून घेतात. सीडी-६९ हे प्रथिन तोच ग्राही पृष्ठभागावरून आत ओढतं. म्हणून जुन्या संसर्गाची ही आठवण रक्ततपासणीत सापडत नाही. ती त्वचेच्या तुकड्यातच शोधावी लागते.

पण त्वचा दाट असते. डॉक-८ जनुक बिघडलेल्या मुलांची टी-पेशी सपाट काचेवर नीट चालते. कोलॅजनच्या, म्हणजे त्वचेतल्या तंतुमय प्रथिनाच्या, जाळीत सोडली, की पुढची टोकं वेगवेगळ्या फटींत शिरतात, मागचा भाग अडकून राहतो, केंद्रक ताणलं जातं आणि पेशी तुटते. या मुलांच्या अंगावर नागीण आणि चामखीळ वर्षानुवर्षं हटत नाहीत. मुळावरचा उपाय आहे तो अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा.