काउंटरवरचा जुना संगणक

रावेर. बाहेर केळीचा ट्रक भरतोय. आत कृषी केंद्राच्या काउंटरवर दहा-अकरा वर्षं राबलेला संगणक, 4 जीबी रॅमचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तो यात नाही. पण यंत्र धडधाकट आहे. ते भंगारात का घालायचं?

मग लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. पण तिच्या अनेक प्रकारांतलं कोणतं? नावं ऐकूनच माणूस गांगरतो. पहिल्यांदा येणाऱ्यानं मिंट घ्यावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे. विंडोजवर बसलेला हात अडखळत नाही. मिंट 22 हे उबंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट मिळतील. 4 जीबीच्या यंत्रावर मिंटच्या सिनॅमॉन आवृत्तीपेक्षा हलकी एक्सएफसीई आवृत्ती बरी. झोरिन नावाचं लिनक्सही नवख्याला सोपं जातं.

खरा पेच कामाचा असतो. दुकानाचे हिशेब टॅलीत आहेत आणि टॅली विंडोजसाठी बनलंय. त्याला लिनक्सवर ओढत आणायची खटपट करू नका. हिशेबासाठी एक विंडोज यंत्र राहू द्या. सातबारा, पीक विम्याचा अर्ज, व्हॉट्सॲप ही कामं ब्राउझरमध्ये होतात. पत्रांना वर्डसारखं लिब्रेऑफिस आहे. जुनी पत्रकं मात्र तपासा: युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. विंडोज सोडण्याआधी त्यांची पीडीएफ करून घ्या.

आता 8 जीबीचा पेन ड्राइव्ह. त्यावर मिंट चढवलं, संगणक त्यावरून सुरू केला. संगणकाच्या आतल्या डिस्कला हात लावलेला नाही.

“माझं काही पुसलं तर नाही ना?” दुकानदारानं विचारलं.

“नाही भाऊ. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की तुमचं विंडोज जसंच्या तसं.”

वाय-फाय लागलं. आवाज आला. मराठी कीबोर्ड जोडला, ‘युरिया’ उमटलं. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालतं, तेवढं समजून घ्यायचं. शेवटी प्रिंटर. त्यानंच आम्हाला सगळ्यात जास्त वेळ ताटकळत ठेवलं. मग कागद सरकला.

आतल्या डिस्कवर इन्स्टॉल आज नाही. आधी उधारीच्या यादीची आणि बिलांची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरतेय.