झोपाळा घेता येतो, माळी ठेवता येत नाही

नमस्कार मंडळी!

आमच्या गावच्या बागेत एक झोपाळा आहे. त्याची एका बाजूची साखळी गंजून तुटली, तिथं कुणीतरी सुंभ बांधलंय. माझी भाची त्यावर बसते तेव्हा मी दोरीची ती गाठ धरून उभी असते. बागेचं उद्घाटन होऊन तीनच पावसाळे झालेत. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात लोखंड टिकणार किती?

मग दुरुस्ती का होत नाही? पैसे नाहीत म्हणून? पैसे असतात, पण ते कशाला वापरायचे हे आधीच ठरलेलं असतं. आज तेच समजून घेऊ.

१५व्या वित्त आयोगाचं अनुदान घ्या. केंद्राच्या पैशातला वाटा राज्यांना आणि पंचायतींना कसा द्यायचा, हे हा आयोग सुचवतो. २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत पंचायतींना मिळालेल्या या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेले. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचे, पण त्यातून पगार द्यायचा नाही. म्हणजे झोपाळा घेता येतो, माळी पगारावर ठेवता येत नाही! माळ्याचे पैसे पंचायतीनं घरपट्टीतून, स्वतःच्या उत्पन्नातून काढायचे. लहान पंचायतीची घरपट्टी ती केवढी?

शहरातही तेच. पणजीत खारफुटीतून जाणारी ती सुंदर पायवाट पाहिलीय ना? ती स्मार्ट सिटी योजनेतली, म्हणजे शहरं सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या योजनेतली. या योजनेत निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. योजना मार्च २०२५मध्ये संपली. पायवाट मात्र रोज भरती-ओहोटी झेलत उभी आहे, तिच्या देखभालीचे पैसे आता कुठून? पर्यटनस्थळांसाठीच्या केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेतही बांधकामाचा खर्च केंद्राचा आणि देखभाल राज्याची.

आणि कॅम्पा निधी? रस्त्यासाठी, वीजवाहिनीसाठी जंगल गेलं की त्याची भरपाई या निधीत जमा होते. २०१६च्या कायद्याप्रमाणे त्यातले ९० टक्के राज्याला मिळतात. पण तो पैसा रान पुन्हा उभं करायला आणि राखायला आहे. तो बागेकडे वळवा असं मी कधीच म्हणणार नाही.

म्हणून बागेचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: देखभालीचे पैसे कुठल्या खात्यातून, दरवर्षी किती? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

येत्या ग्रामसभेत मी झोपाळ्याचा फोटो जोडून अर्ज देणार आहे. अर्जाचा मसुदा व्हिडिओखाली ठेवलाय, गावाचं नाव बदला आणि वापरा.