मिठाचा थर आणि उणे ८ अंश

जानेवारीतली सकाळ आहे आणि पारा उणे ८ अंशांवर आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, महामार्ग ४०१ पासून जवळच असलेल्या ट्रक धुण्याच्या या केंद्राबाहेर पाच-सहा ट्रक रांगेत उभे आहेत आणि त्यांपैकी एकाचाही मूळ रंग नीट ओळखू येत नाही. पडद्यावर दिसणारा हा ट्रक निळा आहे. पण ते कळते चालकाने दार उघडल्यावर, दाराच्या आतल्या काठावरून. बाहेरून तो राख फासल्यासारखा करडा-पांढरा झाला आहे. नंबरप्लेटवरचे आकडे बुजले आहेत, मागचे दिवे लागले आहेत की नाहीत हे जवळ जाऊन पाहावे लागते, आणि चाकांमागच्या रबरी पडद्यांना तपकिरी बर्फाचे गोळे लोंबत आहेत.

कॅमेरा थोडा जवळ नेऊ. डिझेलच्या टाकीला लागून जी पायरी आहे, तिच्यावर साचलेला थर चालक नखाने खरवडतो. वरचा पापुद्रा कोरडा आहे आणि तो पिठासारखा भुरभुरत खाली पडतो. त्याच्या खाली मात्र ओलसर, किंचित चिकट थर आहे आणि एवढ्या थंडीतही तो गोठलेला नाही. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ आपले काम इथेही, लोखंडाला चिकटून, चालू ठेवते. आजची धुलाई आहे ती या खालच्या ओलसर थरासाठी.

हे मीठ याच प्रांताच्या पोटातले आहे. ह्युरॉन सरोवराच्या काठी गोडरिच नावाचे छोटे गाव आहे. १८६६ साली तिथे खनिज तेलाच्या शोधात भोक पाडत असताना तेल लागले नाही, मीठ लागले. आज सरोवराच्या तळाखाली सुमारे ५५० मीटर खोलीवर असलेली तिथली खाण जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण म्हणून ओळखली जाते. उरण-पेणच्या मिठागरांतले उन्हाने वाळवलेले पांढरे मीठ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे मीठ चटकन ओळखू येणार नाही, कारण ते दगडासारखे फोडून काढलेले, करड्या रंगाचे आणि खडबडीत असते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या समुद्राचे ते मीठ आहे. कॅनडाच्या रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ पडते.

त्याचे काम साधे आहे. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. त्यात मीठ विरघळले की गोठण्याचा अंश खाली सरकतो आणि मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के झाले की तो उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. हे झाले प्रयोगशाळेतले. रस्त्यावर पारा उणे ९-१०च्या खाली गेला की साध्या मिठाचा वेग इतका मंदावतो की त्याच्या जोडीला मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरावे लागते. वादळाची चाहूल लागली की काही ठिकाणी मिठाचे पाणी आधीच रस्त्यावर सोडून ठेवतात. ते वाळल्यावर डांबरावर ज्या समांतर पांढऱ्या रेघा उमटतात, त्या एकेरी वहीच्या पानासारख्या दिसतात. अशा रस्त्यावरून ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकचे प्रत्येक टायर ते पाणी उचलते आणि बारीक फवारा करून मागच्या चाकांवर, चेसिसवर म्हणजे ट्रकच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, ब्रेकवर आणि वायरिंगवर मारत राहते. ज्या फटीत पाना शिरत नाही, तिथेही हा फवारा शिरतो.

कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, मोटारसायकलचा सायलेन्सर, सगळ्यांची खाऱ्या वाऱ्याने काय गत होते ते त्यांनी पाहिलेले असते. इथे समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि तरीही थंडीचे चार-पाच महिने प्रत्येक वाहन जणू भरतीच्या पाण्यातून चालवावे लागते. गंज चढायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ त्या पाण्यातून वीज सहज वाहू देते, म्हणजे गंजण्याची क्रिया वेगाने चालू शकते. आणि मिठातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा जागोजागी फोडतो.

त्याहून चिवट गोष्ट म्हणजे ही द्रव्ये हवेतली ओल ओढून घेतात. साध्या मिठाला पाणी सुटायला हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते, तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडांना साधारण एक-तृतीयांश आर्द्रताही पुरते. त्यामुळे बाहेर कोरडे ऊन पडले असले, तरी चेसिसच्या सांध्यांतला हा लेप ओलाच राहतो.

आता या साऱ्यात तापमान कुठे बसते, ते पाहू, कारण नवखा चालक हमखास चुकतो तो इथेच. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. याचा अर्थ असा, की मिठाने माखलेला ट्रक उणे १५ अंशांत उघड्यावर उभा असेल, तर गंजण्याचे काम रेंगाळत चालते. आणि तोच ट्रक न धुता रात्रभर उबदार गॅरेजमध्ये ठेवला, तर बर्फ वितळतो, मीठ विरघळून फटींमध्ये उतरते आणि गंजाला हवी तशी ऊब मिळते. ट्रकला थंडी बाधू नये म्हणून दाखवलेली ही माया त्याच्या मुळावर येते.

नुकसान कसे दिसते, त्याचे उदाहरण म्हणून बाजूच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये काढून ठेवलेला हा ब्रेक शू पाहावा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबला जाऊन गाडी थांबवणारा भाग. शू लोखंडाचा आहे आणि त्याच्यावर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे अस्तर, रिव्हेट मारून बसवलेले आहे. या दोहोंमधल्या फटीत खारे पाणी शिरले, लोखंड गंजले, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्यामुळे त्याने लायनरला आतून रेटले. दोन रिव्हेटांच्या मधोमध लायनर फुगलेले आहे, आणि तिथेच केसासारखी चीर आहे. मालवाहू ट्रकच्या चालकाला रोज गाडीची तपासणी करावी लागते. पण ही चीर ड्रमच्या आड असते आणि शूची कड बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिल्याखेरीज सापडत नाही.

वायरिंगची कथा आणखी वेगळी. दिवा का लागत नाही हे शोधताना मेकॅनिक टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या वेष्टनातून आत टोचतो. दोष सापडतो, सुई निघते आणि सुईएवढे भोक मागे राहते. त्या भोकातून खारे पाणी आत जाते, तांब्याच्या तारांच्या आधाराने वेष्टनाच्या आतल्या आत पुढे सरकते, आणि काही महिन्यांनी, भोकापासून बऱ्याच अंतरावर, तांब्याची हिरवी पूड झालेली आढळते. मिठापासून वायरिंग वाचवायची असेल तर सुई टोचायची नाही, हे धुण्याच्या आधीचे पथ्य आहे.

आपल्या निळ्या ट्रकचा नंबर लागला आहे. तो आत आल्यावर दार खाली ओढले जाते आणि काही मिनिटे कोणी पाण्याला हात लावत नाही. बर्फ सैल पडू द्यायचा असतो. गोठलेल्या काचेवर एकदम कडकडीत पाणी मारले तर असलेली बारीक चीर पसरते, म्हणून काच शेवटी. सुरुवात खालून होते. वरून सुरुवात केली तर डोळ्यांना लवकर समाधान मिळते. पण खालच्या भागासाठी वेळ आणि पाणी दोन्ही अपुरे पडतात, आणि गंज तर खालीच आहे.

पहिला हात कमी दाबाच्या भरपूर पाण्याचा. मीठ पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याला फोडून काढण्यापेक्षा भिजवून वाहू देणे अधिक उपयोगी ठरते. चेसिसच्या लांब पट्ट्या, आडवे पोलाद, एक्सल, कमानपाट्यांच्या मधल्या फटी, ट्रेलरचे उभे पाय, अशा क्रमाने पाणी सावकाश फिरते आणि खाली गटाराच्या जाळीकडे जाणारा ओघळ आधी तपकिरी, मग करडा आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ होतो. त्यानंतर जास्त दाबाचा फवारा येतो. पण तो चाकांच्या सीलवर, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर आणि विजेच्या जोडण्यांवर सरळ रोखायचा नसतो, कारण मीठ जिथे पोचले नव्हते, तिथे तो त्याला ढकलून पोचवतो. साबण तेलकटपणासाठी आहे. मॅग्नेशियम क्लोराइडचा चिकट लेप नुसत्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून त्यासाठी सौम्य आम्लयुक्त द्रव वापरतात. तीव्र आम्लाने ॲल्युमिनियमची टाकी आणि रिंगा चमकतात खऱ्या, पण ती चमक धातूचा पृष्ठभाग खाऊन आलेली असते.

ट्रक धुण्याच्या अनेक केंद्रांत पाणी गाळून पुन्हा वापरतात. गाळण्याने वाळू आणि तेल वेगळे होते, मीठ मात्र विरघळलेलेच राहते. त्यामुळे दिवसभर फिरवलेल्या पाण्याने शेवटचा हात दिला, तर दहा ट्रकांचे मीठ अकराव्याला लागते. शेवटचे पाणी ताजे आहे ना, हे विचारून घ्यावे. विचारणारे चालक थोडे, आणि त्यांचे ट्रक जास्त टिकतात, असे आमचे निरीक्षण आहे. जाळीतून खाली गेलेल्या मिठाचेही असेच. सांडपाण्याच्या नेहमीच्या शुद्धीकरणात क्लोराइड निघत नाही. ते ओढ्यांतून आणि नद्यांतून सरोवरांकडे जाते. रस्त्यावरच्या मिठाचा पर्यावरणाला धोका असल्याचे कॅनडाच्या सरकारी परीक्षणाने २००१ साली मान्य केले आणि २००४ साली ते जपून वापरण्याची नियमावली आली. मासे आणि इतर जलचर दीर्घकाळ सुरक्षित राहावेत यासाठी गोड्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरमागे १२० मिलिग्रॅम धरली जाते.

धुणे संपले, दार अजून उघडलेले नाही. उणे ८ अंशांत ओला ट्रक बाहेर काढणे म्हणजे त्याच्यावर बर्फाची नवी कातडी चढवणे, म्हणून यापुढची वीस मिनिटे आमच्या मते सगळ्यांत मोलाची आहेत. दाबाच्या हवेने दारांची कुलुपे, बिजागऱ्या, डिझेल टाकीचे झाकण आणि ट्रेलरला हवा व वीज नेणाऱ्या जोडण्या कोरड्या केल्या जातात. दारांच्या रबरी पट्ट्यांवरून सिलिकॉनचा बोळा फिरतो. नाहीतर उद्या सकाळी दार ओढताना रबर पत्र्याला चिकटून फाटेल. विजेच्या मुख्य प्लगमध्ये इन्सुलेटिंग ग्रीस भरून तो पुन्हा बसवला जातो.

पारा उणे २०च्या खाली असेल आणि आत शिरायला उबदार जागा नसेल, तर ट्रक धुऊच नये. त्या थंडीत मीठ फार काही करत नाही, आणि अर्धवट वाळलेले ब्रेक, गोठलेली कुलुपे आणि काचेसारख्या पायऱ्या लगेच अपघात घडवू शकतात. बरीच केंद्रे कडाक्याच्या थंडीत स्वतःच काम थांबवतात. दोन दिवसांनी ऊब आली की मग मात्र टाळाटाळ करू नये, कारण तीच ऊब गंजालाही जागे करते.

दार वर जाते. वाफेचा लोट बाहेर पडतो आणि त्यातून निळा ट्रक निघतो. तो लगेच उभा राहत नाही. ब्रेक शू आणि ड्रम यांच्यामध्ये पाणी आहे. हे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. आता पार्किंग ब्रेक लावला, तर हवेचा दाब सुटून स्प्रिंग शूला ड्रमवर दाबून धरील, मधले पाणी गोठेल आणि सकाळी चाके फिरण्याऐवजी फरफटत निघतील. म्हणून चालक मोकळ्या यार्डात संथ फेरी मारतो आणि जाता जाता ब्रेकवर हलकेच पाय ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो. तिसऱ्या फेरीत मागच्या चाकांतून पातळ वाफ निघताना दिसते. चौथ्या फेरीत ती दिसत नाही. मग तो ट्रक पाणी न साचलेल्या कोरड्या खडीवर नेतो, हवेच्या टाक्यांतले पाणी सोडण्यासाठी खालची दोरी ओढतो, आणि फुसकन निघालेल्या हवेबरोबर थोडासा दुधाळ फेस बाहेर येतो.

त्यासाठी उतरण्याआधी त्याने सीटमागून जुना टॉवेल काढला होता आणि ज्या पायरीवरचा थर सकाळी नखाने खरवडला होता, ती पायरी वरून वाकून कोरडी पुसली होती. मगच तिच्यावर पाय ठेवला होता.