सावळज गटातून मंत्रालयाकडे

श्रोतेहो, नमस्कार. रावसाहेब रामराव पाटील, म्हणजेच आर. आर. आबा, यांचे नाव निघाले की बहुतेकांना गृहमंत्री आठवतात. मला मात्र आधी आठवतो तो सावळज गटाचा जिल्हा परिषद सदस्य. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावी १९५७ साली जन्मलेला, ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून शिकलेला हा तरुण १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेला आणि १९९० पर्यंत सदस्य राहिला.

सदस्याच्या दारात माणसे कशासाठी येतात, हे खेड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. शाळेची कौले फुटलेली असतात, नळपाणी योजनेची मोटर जळालेली असते, आणि निधी मंजूर असूनही कागद पंचायत समितीच्या टेबलावरून हलत नसतो. अकरा वर्षे हे जवळून पाहिलेला माणूस १९९० मध्ये तासगावचा आमदार झाला, तिथून सलग सहा वेळा निवडून आला, आणि १९९९ मध्ये मंत्री झाल्यावर त्याच्याकडे ग्रामविकास खाते आले, ही माझ्या मते महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली मोठीच जमेची गोष्ट होती.

२०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानात गावाला आधी अनुदान नव्हते. आधी श्रमदान, मग तपासणी, आणि उतरले तर बक्षीस. समिती येणार त्या दिवशी पहाटेच बायका खराटे घेऊन गल्लीत उतरत, पुरुष मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डे खणून त्यात विटांचे तुकडे भरत, आणि वर्षानुवर्षे कुणी हात न लावलेला उकिरडा दोन दिवसांत गावाबाहेर जाई. खुद्द मंत्रीही हातात झाडू घेऊन या कामात उतरत.

पुढे गृहखाते आले, उपमुख्यमंत्रिपद आले, डान्स बारवरची बंदी गाजली. मुंबईवरील हल्ल्यानंतर एका वक्तव्यावरून टीका होऊन डिसेंबर २००८ मध्ये त्यांना राजीनामाही द्यावा लागला, आणि ते वक्तव्य चुकलेच होते. पण त्याच गृहखात्यात असताना, २००७ मध्ये, त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आणली. ग्रामसभेने समिती नेमायची, आणि बांधावरून, सामाईक विहिरीवरून भांडणाऱ्या दोघा भावांना कोर्टाची पायरी चढण्याआधी गावातच एका सतरंजीवर बसवायचे, अशी तिची रीत होती.