लग्न लावणाऱ्याने काय पाहावं

गेल्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मावशी, मी लग्न लावतोय." मी विचारलं, "कुणाशी रे?" तो वैतागला. "अगं, करत नाहीये, लावतोय! मित्राचं. त्यांना भटजी नकोय, मीच हवाय." त्याने अमेरिकेतल्या कुठल्याशा चर्चचं ऑनलाइन प्रमाणपत्रही मिळवून ठेवलं होतं. तिकडच्या बऱ्याच राज्यांत असल्या कागदावर मित्राचं लग्न लावता येतं, हे खरं आहे. आपल्याकडे त्याचा उपयोग फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरता.

कारण आपल्याकडे हिंदू लग्न लावायला परवानाच लागत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 वाचा. वर किंवा वधू, दोघांपैकी कुणा एकाकडच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, असं ते म्हणतं. पुरोहित हा शब्दच त्यात नाही. आपल्याला याचं नवल वाटायला नको. सत्यशोधक समाजाने 1873 सालीच भटजीशिवाय लग्नं लावली. तेव्हा अडचण वेगळी होती. तुम्ही दुसऱ्याकडून लग्न लावून घेतलंत तरी गावचा वतनदार जोशी दक्षिणेसाठी कोर्टात जायचा, आणि कोर्ट त्याचा हक्क मानायचं. तो हक्क मोडायला मुंबई इलाख्यात 1926 साली वेगळा कायदा करावा लागला. आज पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत शिकलेल्या स्त्रिया लग्नं लावतात, बौद्ध लग्नात बौद्धाचार्य उभे राहतात. कायदा त्यांची जात विचारत नाही आणि पदवीही विचारत नाही.

पण लग्न कोण लावतं हे न विचारणारा कायदा तिथे काय घडलं हे मात्र फार बारकाईने विचारतो. आणि इथे आपण मराठी माणसं हमखास फसतो. आपल्या लेखी लग्न कधी लागतं? शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, बँड वाजतो, आणि मंडळी ताटं घ्यायला धावतात. कायद्याच्या लेखी मात्र तोवर काहीच पुरं झालेलं नसतं! विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडतं तेव्हा विवाह पूर्ण होतो. ते पाऊल पडताना मांडवात कोण असतं? नवरानवरी, एखादी करवली आणि कंटाळलेला फोटोग्राफर.

हे किती महागात पडतं, त्याचा आपल्याच राज्यातला दाखला आहे. लोखंडे नावाच्या गृहस्थांनी पहिली बायको असताना 1962 साली दुसरं लग्न केलं, गांधर्व पद्धतीने. हार घातले, कपाळाला कपाळ लावलं. द्विभार्येचा खटला झाला आणि 1965 साली सुप्रीम कोर्टात ते सुटले. का? तर होम झाला नव्हता, सप्तपदी झाली नव्हती, आणि त्या दोन्हींशिवाय लग्न लागतं अशी रूढीही सिद्ध झाली नव्हती. म्हणजे दुसरं लग्न कायद्याने झालंच नाही. पहिलीला न्याय नाही आणि दुसरीला नवरा नाही. मला हा निकाल कायद्याने बरोबर वाटतो आणि मनाला अजून टोचतो. 2024 साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं. विधीच झाले नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही.

भाच्याचा बेत काय होता? दोघांनी एकमेकांना पत्रं वाचून दाखवायची, एक रोप लावायचं, टाळ्या. मी म्हटलं, रोप जगेल, पण लग्न टिकणार नाही. तमिळनाडूत 1967 च्या दुरुस्तीमुळे नातेवाईक-मित्रांसमोर हार किंवा अंगठी घालून, पुरोहिताशिवाय हिंदू लग्न लागतं. आपल्याकडे तशी दुरुस्ती नाही.

त्याआधी विचारायचा प्रश्न धर्माचा. हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख लागतात. एक जण ख्रिस्ती असेल आणि तुम्ही हौसेने सात फेरे घडवलेत, तर ते लग्न या कायद्यात बसत नाही. उलट 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. निकाहाला काझी हवाच, असं 1880 चा काझी कायदा म्हणत नाही. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारसमोरच्या सह्या महत्त्वाच्या, मांडव नंतर.

आंतरधर्मीय जोडप्याला सरळ वाट 1954 च्या विशेष विवाह कायद्याची. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी, तीन साक्षीदार. तिथे मित्र लग्न लावत नाही, साक्षीदार म्हणून सही करतो. पण विधी कोणताही चालतो; ठरलेलं वाक्य अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हटलं की झालं. मग हॉलवर पत्रं वाचा, रोप लावा.

आणि वयाचे दाखले स्वतः बघा. मुलगी 18, मुलगा 21. बालविवाह लावणाऱ्याला 2006 च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. "मी तर नुसता मित्र" हे तिथे चालत नाही.

भाच्याच्या मित्राचं सोपं होतं. मुलगा कोल्हापूरचा हिंदू, मुलगी सोलापूरची जैन. पत्रं राहिली, रोप राहिलं, मध्ये होम आणि सप्तपदी आली. प्रत्येक पावलाचा अर्थ भाच्याने मराठीत सांगितला. केटररला मी बजावलं होतं, सातवं पाऊल पडेपर्यंत झाकणं उघडायची नाहीत. नव्वद दिवसांच्या आत नोंदणीला गेले. आपल्याकडच्या अर्जात लग्न लावणाऱ्याचं नाव, पत्ता, सही लागते. पुरोहिताच्या रकान्यात जीन्समधल्या पोराने सही केली. कारकुनाने वर पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, आधारची झेरॉक्स आणलीत ना?"