हंडा किती लिटरचा?

(दृश्य : घणसोली गाव, सकाळचे साडेसहा. नळाखाली हंडे, कळश्या, मागे निळा ड्रम.)

पाणी आलंय. अशा वेळी प्रश्नावली घेऊन कुणाच्या दारात उभं राहू नये. पण घरोघरचं पाणी मोजायला निघालेल्या या दोन विद्यार्थिनींना इलाज नाही.

"मावशी, रोज किती पाणी भरता?"

"चार हंडे."

मागच्या आठवड्यातही उत्तर हेच होतं. पुन्हा विचारून तेच उत्तर आलं, म्हणजे प्रश्न विश्वसनीय. पण सप्रमाण? जे मोजायचंय, तेच तो मोजतोय का?

(दृश्य : लिटरचं माप, हंड्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज.)

मावशींचा हंडा 11 मापांत काठोकाठ. शेजारचा, दिसायला तेवढाच, 15 मापं प्यायला. चार हंड्यांमागे 16 लिटरचा फरक! (पाणी वाया गेलं नाही. मावशींनी ते ड्रममध्ये ओतून घेतलं, आणि मुलींना ऐकवलंही.)

(दृश्य : वाशीतलं कॉलेज, टेबलावर प्रश्नावलीचा मसुदा.)

इथे 10 तज्ज्ञांनी एकेक प्रश्न तपासला होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सी. एच. लॉशे यांनी 1975 मध्ये मांडलेलं आशय सप्रमाणतेचं गुणोत्तर, म्हणजे प्रश्न किती तज्ज्ञांना 'आवश्यक' वाटतो याचं माप, वापरून. 10 पैकी 8 जणांनी 'आवश्यक' म्हटलं तर गुणोत्तर येतं 0.60 (निम्म्या पाचांहून तीन जास्त, म्हणून 3 भागिले 5). लॉशेंच्या तक्त्यात 10 तज्ज्ञांसाठी किमान 0.62 हवं. म्हणजे आठ जणांचा होकार असूनही प्रश्न बाद. चाळणी कडकच. हंड्याचा प्रश्न मात्र 10 पैकी 10 मतांनी पास झाला होता. हंडा कुणी पाहिला नव्हता.

(दृश्य : पुन्हा गल्ली.)

शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं, हा सरकारी निकष. त्याच्याशी ताडायचं तर माणसं नीट मोजायला हवीत.

"आजोबा, कुटुंबात कोण कोण?"

"कुटुंब गेलंय माहेरी."

आजोबांच्या पिढीत कुटुंब म्हणजे बायको. मुली एकमेकींकडे बघतात. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब धरतात. मग प्रश्न बदलतो : "एका चुलीवर किती जण जेवता?" आजोबा बोटं मोजतात. सात. वरच्या मजल्यावर धाकट्याची चूल वेगळी.

नव्या मसुद्यात आणखी एक ओळ आली : 'हंडा पाहून, मापून लिहावे.'

पुढचं दार.

"ताई, हंडा दाखवता का?"

"हंडा कशाला? आमचा पाइप सरळ ड्रमात."